वडशाचा मुक्काम

वैनगंगेच्या पूर्वतीरावर, ब्रह्मपुरीच्या समोर, गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले वडसा, ज्याची सरकारी दप्तरातील नोंद देसाईगंज अशी आहे, हे १९८२ साली चंद्रपुरापासून विभक्त झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील दीर्घकाळपर्यंत एकमेव रेल्वेस्थानक होते; आणि हिवतापावर संशोधन करणाऱ्या आमच्या पथकाने आपला तळ जिल्ह्याच्या ठाण्यात न ठेवता येथे ठेवला, त्याचे मुख्य कारण एवढेच होते की, रक्ताचे नमुने आणि डासांच्या कुप्या येथून प्रयोगशाळेकडे विनाविलंब रवाना करता येत. केवळ सोय म्हणून पत्करलेले हे ठिकाण आमच्या विषयाला किती अनुरूप आहे, हे पुढे तेथे राहूनच कळले.

वडशाच्या आसमंतात दोन मुलूख एकमेकांना भेटतात. नदीच्या बाजूला सपाट धानपट्टी आहे. इटियाडोह धरणाचे कालवे, मालगुजारांच्या काळी बांधलेले तलाव, शेतकऱ्यांच्या लहानलहान बोड्या आणि रोवणीपासून कापणीपर्यंत बांध्यांतून साचून राहणारे पाणी यांनी ती व्यापलेली आहे. पूर्वेस कुरखेड्याच्या वाटेला लागले की भूमी चढू लागते, साग, मोह, ऐन आणि बांबू यांचे अरण्य दाट होत जाते, आणि कोरचीपलीकडे छत्तीसगडच्या सरहद्दीपर्यंत टेकड्यांच्या कुशीतून वाहणारे नाले पावसाळा ओसरल्यानंतरही हिवाळ्यात संथ व नितळ वाहत राहतात. कालव्याच्या पाझराने बनलेली डबकी, नदीच्या वाळूत उरलेली कुंडे आणि नुकतीच रोवणी झालेली शेते ही ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस या डासाची जन्मस्थाने. गवताळ काठांचे वाहते नाले ही ॲनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिसची. दोघेही हिवतापाचे वाहक, दोघेही रात्रीचे. परंतु एकाचा बहर पावसाबरोबर येतो आणि दुसऱ्याचा पाऊस गेल्यानंतर. आता भिंतींवरील कीटकनाशकाचा प्रभाव फार तर अडीच-तीन महिने टिकत असल्यामुळे, पावसाळ्याच्या तोंडावर केलेली फवारणी कालव्याकाठच्या गावाला जितकी उपकारक ठरते, तितकी ती नाल्याकाठच्या टोल्याला, म्हणजे लहान वस्तीला, ठरू शकत नाही. कारण तेथील डास भरात येतो, तेव्हा भिंत पुन्हा निर्विष झालेली असते. एकाच तारखेला साऱ्या जिल्ह्यासाठी निघणारे फवारणीचे वेळापत्रक मला या कारणाने नेहमीच अपुरे वाटत आले आहे, आणि माझ्या मते या भागातील हिवतापनिर्मूलनाचा पहिला प्रश्न औषधाचा नसून भूगोलाच्या ज्ञानाचा आहे.

डासांचा शोध पहाट फुटण्यापूर्वी सुरू होई. विजेरीच्या उजेडात गोठ्यांच्या आढ्याखाली, कुडाच्या भिंतींवर, धानाच्या ढोल्यांमागे आणि टांगलेल्या कपड्यांच्या सावलीत विसावलेल्या माद्या काचेच्या नळीने तोंडाच्या श्वासावर अलगद ओढून घ्यावयाच्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कुपीत सोडावयाच्या, हे काम पुस्तकात वाचून येत नाही. आमच्याबरोबरचे कीटकसंग्राहक, ज्यांच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण शाळेच्या आरंभीच्या इयत्तांपलीकडे गेलेले नव्हते, ते भिंतीवरील डासाच्या बसण्याच्या कलावरून त्याचे कुळ ओळखीत, आणि त्यांच्या हाताला असलेली ही हळुवार नेमकेपणाची सवय मी पुढे अनेक पदवीधरांत शोधूनही मला क्वचितच आढळली. सूर्य वर आला की आमचे टेबल मांडले जाई. लाळग्रंथी विलग करून त्यांत रोगजंतूंची सुईसारखी बीजे आहेत काय हे पाहावयाचे, आणि ज्या मादीचे पोट अर्धे रक्ताने काळवंडलेले व अर्धे अंड्यांनी पांढुरके झालेले असेल, तिचे अंडाशय काढून अल्कोहोल व ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात जपून ठेवावयाचे.

हे अंडाशयच आमच्या संशोधनाचे मर्म होते. त्यांतील पोषकपेशींत गुणसूत्रे इतकी स्थूल झालेली असतात की, योग्य रंग देऊन हलक्या हाताने दाबल्यावर त्यांवरील गडद व फिकट पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक वाचता येतात. बाह्यतः पाहू जाता क्युलिसिफेसीस हा एकच डास आहे. पंख, पाय, सोंड यांत तज्ज्ञालाही भेद करता येत नाही. परंतु गुणसूत्रांवरील पट्ट्यांचा क्रम काही ठिकाणी उलटलेला आढळतो, आणि या उलट-सुलट क्रमांच्या साक्षीने तो डास एक नसून परस्परांत संकर न करणाऱ्या अनेक सहोदर जातींचा समूह आहे, हे १९८० नंतरच्या दोन दशकांत क्रमाक्रमाने सिद्ध होत गेले. त्या कार्यात दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील सरला सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांचा वाटा फार मोठा आहे. या जातींना ‘ए’पासून ‘ई’पर्यंत अक्षरे देण्यात आली. त्यांतील ‘बी’ बहुतांशी गुराढोरांच्या रक्तावर जगते आणि भारतात बहुतेक ठिकाणी हिवताप पसरविण्याच्या कामी दुबळी आहे. मध्य भारताच्या अरण्यप्रदेशात तिच्या सोबतीने राहणारी ‘सी’ मात्र वाहक आहे. फ्लुव्हिएटिलिसचीही तीच कथा: त्याच्या ‘टी’ व ‘यू’ जाती गोठ्यात रमणाऱ्या, आणि ‘एस’ ही मनुष्याच्या रक्ताची ओढ असलेली, म्हणून अतिशय घातक. एखाद्या गावात डास विपुल सापडावेत आणि ताप नसावा, दुसऱ्यात डास शोधावे लागावेत आणि घरोघरी ताप असावा, या गोष्टीचा उलगडा पूर्वीचे अधिकारी हवापाण्यावर किंवा लोकांच्या अस्वच्छतेवर ढकलून मोकळे होत. तो दोष लोकांवर अन्यायाने लादलेला होता; अनेकदा तेथील डासांची जातच वेगळी असे.

मनुष्याच्या रक्ताची तपासणी त्या मानाने जुनी विद्या आहे. लाव्हरानने १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात रोगजंतू पाहिला आणि रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरभित्तीवर त्याची वाढ पाहिली. त्याच्याही आधी, १८४५ च्या सुमारास, डेम्प्स्टर नावाच्या इंग्रज डॉक्टराने वाढलेल्या पानथरीच्या प्रमाणावरून गावातील तापाचे मान ठरविण्याची रीत या देशात सुरू केली होती. मुलांच्या डाव्या बरगडीखाली बोटे टेकवून पानथरी चाचपण्याचे ते शिक्षण आम्हालाही मिळाले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील काचपट्ट्या मात्र जसवंतसिंग आणि भट्टाचार्जी यांनी सिद्ध केलेल्या रंगाने रंगविल्या जात; तो स्वस्त, लवकर काम करणारा, आणि आपल्या देशातील गरज ओळखून आपल्याच देशात बनविलेला रंग आहे. रंगविलेल्या पट्टीवर हिवतापाच्या फाल्सिपेरम या जंतूच्या नाजूक अंगठ्या आणि तापानंतर काही दिवसांनी प्रकट होणाऱ्या त्याच्या चंद्रकोरी दिसू लागल्या की, हा रुग्ण आता डासाला रोग देऊ शकतो हे कळे. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जंतूचे दुःख निराळे आहे: त्याची सुप्त बीजे यकृतात लपून राहतात आणि रुग्ण बरा झाल्यानंतर कित्येक महिन्यांनी पुन्हा जागी होतात.

आरोग्यसेवकाने टोल्यात बोटातून रक्त घ्यावे, काचपट्टी कागदात गुंडाळून केंद्रावर पोचवावी, तंत्रज्ञाने ती वाचावी आणि निकाल घेऊन कोणीतरी पुन्हा टोल्यात जावे, या साखळीत पावसाळ्यात आठवडा जाई; आणि फाल्सिपेरमला मेंदूपर्यंत जाण्यास आठवडा पुरतो. म्हणूनच बोटभर पट्टीवर काही मिनिटांत निदान करणारा संच आशाताईच्या पिशवीत आला, ही गोष्ट मला या काळातील मोठ्यातल्या मोठ्या वैज्ञानिक शोधांइतकी महत्त्वाची वाटते. तो संच रोगजंतूच्या एका विशिष्ट प्रथिनाला ओळखतो. परंतु ज्या जनुकापासून ते प्रथिन बनते, ते जनुकच गमावलेले फाल्सिपेरम जंतू २०१० मध्ये प्रथम पेरूमध्ये आढळले आणि पुढे भारतातही त्यांचे अस्तित्व दिसून आले. असा जंतू अंगात असलेला रुग्ण त्या पट्टीच्या दृष्टीने निरोगी ठरतो. सूक्ष्मदर्शकाला आता निवृत्त करावे, असे सुचविणाऱ्यांना माझे एवढेच निवेदन असते की, प्रत्येक तालुक्यात काचपट्टी वाचू शकणारी निष्णात दृष्टी शाबूत ठेवा. ती एकदा नाहीशी झाली की पुन्हा घडविण्यास वर्षे लागतात.

रोगजंतूच्या आनुवंशिकतेचा अभ्यास आमच्याकडे गाळणकागदावरील रक्ताच्या थेंबांतून होई. वाळलेला थेंब टपालाच्या पाकिटातही जाऊ शकतो, आणि त्यातून जंतूचे जनुक वाचता येते. १९७३ साली आसामातील कार्बी आंगलाँग प्रदेशात क्लोरोक्वीनला दाद न देणारा फाल्सिपेरम भारतात प्रथम आढळला. पुढे तो देशभर पसरला, आणि त्या प्रतिकाराचे मूळ जंतूच्या एका जनुकातील ७६ व्या स्थानी लायसीनऐवजी थ्रिओनीन येण्यात आहे हे उमगले. २००२ मध्ये फाल्सिपेरमचा संपूर्ण जनुकसंच, १४ गुणसूत्रे आणि सुमारे ५,३०० जनुके, वाचून प्रसिद्ध झाला. त्यानंतर रानातल्या एखाद्या टोल्यातील थेंब जगाच्या दुसऱ्या टोकाच्या थेंबाशी पडताळून पाहणे शक्य झाले. २०१० पासून फाल्सिपेरमसाठी देशभर आर्टेमिसिनिनवर आधारलेले संयुक्त औषध देण्याचे धोरण स्वीकारले गेले, तेव्हा त्याच्या सोबतचे जुने औषध कोठे कोठे निकामी होत आहे, याचा सुगावा रुग्ण दगावण्याआधी जनुकांतून लागू शकतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. ईशान्य भारतात तो सुगावा खरा ठरला आणि २०१३ मध्ये तेथील औषध बदलावे लागले.

परंतु या तीन वंशावळींपैकी, डास, जंतू आणि मनुष्य यांपैकी, मला सर्वांत अधिक विचार करावयास लावला तो मनुष्याच्या वंशावळीने. हिवताप जेथे सहस्रावधी वर्षे नांदला, तेथील माणसांच्या रक्तात त्याच्याशी झालेल्या झुंजीच्या खुणा उरल्या आहेत, ही कल्पना १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलसीमियाच्या संदर्भात मांडली. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचा देहान्त झाला. सिकलसेलच्या बाबतीत हीच गोष्ट अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिली: ज्याला हे जनुक एका पालकाकडून मिळाले त्याला फाल्सिपेरमच्या प्राणघातक हल्ल्यापासून संरक्षण मिळते, आणि ज्याला ते दोन्ही पालकांकडून मिळाले त्याच्या वाट्याला आयुष्यभराच्या वेदना येतात. विदर्भातील आदिवासी व अन्य अनेक समाजांत हे जनुक आहे. सिकलसेलच्या वाहकाला हिवतापाचे भय कमी, म्हणून सिकलसेलच्या रुग्णालाही ते कमी असेल, असा समज मी शिकल्यासवरल्या लोकांतही पाहिला आहे आणि तो अतिशय घातक आहे. अशा रुग्णाला साधा हिवतापसुद्धा मृत्यूच्या दारात नेऊ शकतो. म्हणून ज्या टोल्यात आम्ही हिवतापासाठी रक्त घेत असू, तेथे सिकलसेलच्या नोंदीही मागून घेत असू.

तसाच दुसरा दोष लाल पेशींतील जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराच्या उणिवेचा. त्याचा ‘ओरिसा’ हा प्रकार मध्य भारतातील आदिवासींत विशेष आढळतो. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत उणीव अधिक प्रकट होते. व्हायव्हॅक्सची सुप्त बीजे यकृतातून निपटून काढण्यासाठी १४ दिवस द्यावयाचे प्रायमाक्वीन अशा माणसाच्या लाल पेशी फोडते. लघवी काळसर होते, शरीर पिवळे पडते. तेव्हा औषधाची मात्रा एकच आणि माणसे मात्र एकसारखी नाहीत, हा पेच प्रत्येक आरोग्यसेविकेपुढे उभा असतो. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत कार्य आरंभिले, तेव्हा पहिल्या काळात सिकलसेलची पाहणी केली होती आणि ती लोकांच्या मागणीतून निघालेली नव्हती, हे त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांच्या या कथनाचा आमच्या पथकावर खोल परिणाम झाला. रक्त घ्यावयाचे तर त्याचा निकाल त्याच उंबरठ्यावर परत न्यावयाचा, हा आम्ही शिरस्ता घातला. आणि माझा असा अनुभव आहे की, निकाल परत आला की दुसऱ्या खेपेस गावचा पुजारी, जो तापावर मंत्र घालतो, तोही आपल्याकडे आलेल्या रुग्णाला आमच्याकडे पाठवू लागतो.

लोकांच्या रात्री कशा जातात, हे न जाणता डासांचा विचार करता येत नाही. वडसा ही झाडीपट्टीच्या रंगभूमीची राजधानी आहे. दिवाळी झाली, धान कापून निघाले, की गावोगावी बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरतात आणि त्याच रात्री मंडप पडून सकाळपर्यंत नाटक चालते. वडशातील कंपन्यांच्या कचेऱ्यांत त्या दिवसांत गावकऱ्यांची गर्दी असते, बैलगाड्या आणि मोटारसायकली भरून माणसे पंचक्रोशीतून जमतात, आणि लेकुरवाळ्या स्त्रिया मुलांना मांडीवर निजवून मोकळ्या आभाळाखाली बसतात. फाल्सिपेरमचा जोरही नेमका त्याच ऋतूत असतो. त्याआधीच्या महिन्यांत धान राखणारा माणूस शेतातल्या मचाणावर निजतो. उन्हाळ्यात तेंदूपानाच्या फडासाठी कुटुंबेच्या कुटुंबे सरहद्दीपार मुक्काम करतात. सरकारने दिलेली कीटकनाशक मच्छरदाणी घरी खुंटीवर राहते आणि माणूस रानात असतो. यात त्याच्या निष्काळजीपणाचा लेशही नाही. त्याचे जीवनच असे आहे. मच्छरदाणी वापरण्याविषयीच्या प्रश्नावल्या जेव्हा केवळ घरात विचारल्या जातात, तेव्हा त्यांची उत्तरे खरी असूनही निरुपयोगी असतात. जाग्रणाच्या नाटकाला परवाना देतानाच मंडपाच्या आजूबाजूच्या तापवाल्यांची तपासणी आदल्या दिवशी करावी, अशी सूचना आम्ही एकदा केली होती, आणि ज्या गावांनी ती आपणहून अमलात आणली तेथे रंगमंचावरून मध्यंतरात आशाताईंनी तपासणीची माहिती दिली. त्या ठिकाणी नाटकाच्या प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद पाहून, लोकशिक्षणासाठी कागदी फलकांवर खर्ची पडणारी रक्कम या मंडळींकडे वळवावी असे मला मनापासून वाटले.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाकाठी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि १९६५ पर्यंत रुग्णांची नोंद सुमारे एक लाखावर आली. त्यानंतर लक्ष उडाले. १९७६ मध्ये ती नोंद ६४ लाखांवर गेली. त्या पडत्या काळातच, १९७३ च्या अखेरीस, बाबा आमटे यांच्या प्रेरणेने भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी झाडाखाली, विजेवाचून, मेंदूपर्यंत गेलेल्या हिवतापाचे रुग्ण वाचविले. आजही महाराष्ट्रातील हिवतापाचा फार मोठा हिस्सा एकट्या गडचिरोलीत आहे, आणि देशाने २०३० पर्यंत निर्मूलनाचा संकल्प केला आहे. रुग्ण घटू लागले की मनुष्यबळ घटविण्याची प्रवृत्ती प्रत्येक खात्यात असते. १९६५ नंतरचे दशक हा तिच्याविरुद्धचा इतिहासाने दिलेला पुरावा आहे.

शेवटच्या टप्प्यातील खरी अडचण तापाने फणफणलेला रुग्ण ही नव्हेच. ती आहे अंगात जंतू वागवूनही हिंडता-फिरता असलेला माणूस. कुरखेड्याच्या पलीकडील एका टोल्यात, भर उन्हाळ्यात, जेव्हा ताप कोणालाच नव्हता, तेव्हा आम्ही सर्वांचे रक्त घेतले. एका वृद्ध बाईच्या थेंबात प्रयोगशाळेला फाल्सिपेरमचे जनुक सापडले, जे पट्टीवरच्या तपासणीला दिसले नव्हते. औषध घेऊन आम्ही तिच्या अंगणात गेलो. “ताप नाही, डोकं नाही दुखत, तं गोळ्या कायले खाऊ, बाबू?” असे तिने विचारले. मी म्हणालो, “आजी, तुम्हाला त्रास नाही, पण पाऊस लागला की डास तुमच्याकडून घेऊन नातवाला देईल.” ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “मंग एकट्या मलेच कायले? पट्टीले तं माह्यातलाही दिसला नाही. साऱ्या टोल्याले द्या ना.”

जगभरच्या हिवतापशास्त्रज्ञांत ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे, तो तिने नेमका मांडला होता: तपासून सापडेल त्यालाच औषध द्यावे, की न तपासता सर्वांनाच द्यावे. शेजारच्या छत्तीसगडात २०२० पासून बस्तरमध्ये पहिल्या मार्गाने घरोघर तपासणीची मोठी मोहीम चालली आहे आणि तिचे फळ दिसले आहे. परंतु पट्टीला न दिसणारे वाहक तीत सुटतात. दुसऱ्या मार्गात जी-सिक्स-पीडीची उणीव असलेल्याच्या जिवाला धोका आहे. म्हणून आम्ही त्या टोल्यात पुन्हा गेलो ते या विकराच्या तपासणीचे साहित्य बरोबर घेऊन. आजीने स्वतः घरोघर हिंडून माणसे गोळा केली, आणि ज्यांच्या रक्तात ती उणीव निघाली त्यांची वेगळी यादी करून, मोठ्या अक्षरांत लिहून, एक प्रत आशाताईच्या वहीत आणि एक प्रत तालुक्याच्या आरोग्य दप्तरात ठेवल्यानंतरच औषधाची वाटणी सुरू झाली. तीन पावसाळ्यांपर्यंत त्या टोल्याचे रक्त पाहत राहण्याची तजवीज आम्ही केली आहे.